टीम सुधारतेय की नुसती बदलतेय, हे कशावरून ओळखायचं?

एका फुटबॉल फॅनचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टीम सलग दोन सीझन टेबलच्या खालच्या अर्ध्यात संपली, यंदा पहिल्या १२ मॅचमधल्या ७ हरली, दोन वर्षांत हा तिसरा कोच, आणि फॅन्समध्ये आता तीन तट पडलेत. एक गट म्हणतो कोचला आत्ताच्या आत्ता हाकला. दुसरा म्हणतो कोचचा काय दोष, मालकांनी प्लेयर दिलेच नाहीत, त्याला वेळ द्या. आणि तिसरा म्हणतो हा सीझन गेला असंच समजा, ऍकॅडमीच्या पोरांना खेळवा, पुढच्या वर्षी बघू. तर यातलं बरोबर कोण, आणि क्लबवाले ज्याला रिबिल्ड, म्हणजे टीमची नव्याने बांधणी, म्हणतात तो खरंच चालू आहे की नाही हे बाहेर बसून कसं कळणार?

मी बरीच वर्षं क्लब फुटबॉलमध्ये स्काउटिंग आणि मॅच अ‍ॅनालिसिसचं काम करतोय, त्यामुळे हा वाद आतून बघितलाय. उत्तर लांबणार आहे, पण ज्याचा जीव टीममध्ये अडकलाय त्याला दोन ओळींचं उत्तर देऊन उपयोग नाही.

सगळ्यात आधी हे सांगतो की तिन्ही गट कोचभोवतीच फिरतायत, आणि माझ्या मते कोचचा प्रश्न नंतरचा आहे. पहिला प्रश्न हा की तुमच्या क्लबमध्ये पुढचा प्लेयर कोण घ्यायचा हे नक्की कोण ठरवतं, आणि उद्या कोच गेला तरी तो माणूस तिथंच असणार आहे का? याचं उत्तर "हो, अमुक एक जण ठरवतो, गेली तीन-चार वर्षं तोच आहे" असं असेल तर टीम आज कितीही हरत असली तरी आशा ठेवायला जागा आहे. उत्तर "कोच ठरवतो" किंवा "मालकाच्या मनात येईल तसं" असं असेल तर मात्र कोच ठेवा नाहीतर काढा, दोन वर्षांनी तुम्ही हाच प्रश्न परत विचारणार.

हे हवेत बोलत नाहीये. मी ज्या क्लबांसाठी काम केलं त्यातल्या एकात जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोचा, म्हणजे प्लेयर घ्यायच्या-विकायच्या मुदतीचा, शेवटचा आठवडा चालू होता, टीम खाली होती, स्ट्रायकर हवा होता. मीटिंगमध्ये टेबलावर तीन याद्या आल्या. एक कोचची, त्यात त्याच्या जुन्या क्लबमधले दोघं आणि हवेत उंच उडी मारून हेडर घेणारा एक उंच स्ट्रायकर. एक आम्हा स्काउट लोकांची, त्यात डिफेन्सच्या मागे पळणारे, पंचविशीच्या आतले, स्वस्तातले. आणि एक मालकाच्या ओळखीच्या एजंटने पाठवलेली. तिन्ही याद्यांत मिळून एक नाव सामाईक नव्हतं! म्हणजे टीमने कसा फुटबॉल खेळायचा यावरच तिघांचं एकमत नव्हतं, प्लेयरचा विषय तर लांबच राहिला. शेवटी विंडो बंद व्हायच्या दिवशी जो मिळाला तो लोनवर, म्हणजे उसना, आणला, तो कुठल्याच यादीत नव्हता. अशा ठिकाणी कोच बदलून काय फरक पडणार सांगा.

याचं मोठ्यातलं मोठं उदाहरण म्हणजे मँचेस्टर युनायटेड. २०१३ ला कोच फर्ग्युसन गेले, त्यानंतर मोयेस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शायर, मध्ये थोडे दिवस राल्फ रांगनिक, मग टेन हाग, मग अमोरिम. प्रत्येकाचा फुटबॉल वेगळा आणि प्रत्येकासाठी वेगळी खरेदी. व्हान खालच्या वेळी डी मारिया जवळजवळ ६ कोटी पाउंडांना आला, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड, आणि एका सीझनमध्ये गेला. टेन हागने आधीच्या क्लबमध्ये, आयाक्समध्ये, खेळवलेला अँटनी २०२२ ला साडेनऊ कोटी युरोंना आणला, त्याच उन्हाळ्यात तिशीचा कासेमिरो आणला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये अमोरिम आला तो ३-४-३, म्हणजे मागे तीनच डिफेंडर ठेवून, खेळणारा, आणि त्याच्या हातात जी टीम होती त्यात धड विंगबॅक, म्हणजे कडेने वर-खाली धावणारे, नव्हते, कारण आधी कुणी विंगबॅक लागतील असा विचारच केला नव्हता. त्या सीझनला ते १५व्या नंबरवर आले, ३८ मॅचमध्ये ४२ पॉइंट, १८ पराभव. आणि एक गोष्ट बघा, एवढ्या मोठ्या क्लबने फुटबॉल डायरेक्टर (प्लेयर घेण्या-विकण्याचं बघणारा, यालाच स्पोर्टिंग डायरेक्टरही म्हणतात) हे पद पहिल्यांदा भरलं ते मार्च २०२१ ला. त्यानंतर २०२४ ला डॅन अ‍ॅशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणलं, तो पाच महिन्यांत बाहेर. पैसा कमी पडला असं तिथं कुणी म्हणू शकत नाही.

आता याच्या उलट ब्रायटन बघा. सप्टेंबर २०२२, सीझन नुकताच सुरू झालेला, आणि चेल्सीने त्यांचा कोच ग्रॅहम पॉटर स्टाफसकट उचलला. त्याच्या आधी त्याच उन्हाळ्यात कुकुरेया चेल्सीला आणि बिसूमा टॉटनहॅमला गेला होता, पुढे जानेवारीत ट्रोसार आर्सेनलला गेला. बहुतेक क्लब यात कोसळले असते. ब्रायटन त्या सीझनला ६व्या नंबरवर आले आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपमध्ये खेळायला गेले. कसं काय? कुकुरेयाच्या जागी एस्तुपिन्यान आणून ठेवलेला, ट्रोसारच्या जागी मितोमा आधीच तयार, बिसूमाची जागा घ्यायला मोइसेस कैसेडो संघात होताच. कोच म्हणून डी झेर्बी आला तो पण आधीपासून नजरेत असलेल्यांपैकी. म्हणजे कोच हा त्यांच्याकडे एक महत्त्वाचा पण बदलता येण्यासारखा माणूस आहे, आणि बाकीचं घर त्याच्या जाण्याने हलत नाही. कैसेडो नंतर चेल्सीला गेला तो १० कोटी पाउंड आणि वर दीड कोटीपर्यंतच्या अटी एवढ्या किमतीला. त्यांनी तो इक्वेडोरमधून घेतला होता त्या किमतीच्या कितीतरी पट.

तर पहिल्या आणि दुसऱ्या गटाला माझं म्हणणं एवढंच, की आधी क्लबचे स्पोर्टिंग डायरेक्टर कोण, ते कधीपासून आहेत, गेल्या चार विंडोंत घेतलेल्या प्लेयर्समध्ये काही एक धागा दिसतो का, हे बघा. धागा म्हणजे काय, तर समजा तुम्ही वरून प्रेस करणारा, म्हणजे समोरच्याच्या अर्ध्यातच बॉलसाठी तुटून पडणारा, फुटबॉल ठरवलाय, तर घेतलेले विंगर पळणारे पाहिजेत, सेंटर बॅक (मधले डिफेंडर) मागची मोकळी जागा सांभाळणारे म्हणजे वेगवान पाहिजेत, गोलकीपर बॉक्सच्या बाहेर येणारा पाहिजे. यातले दोन तसे आणि दोन अगदी उलटे घेतले असतील तर धागा नाही.

आता दुसरा मुद्दा, जो फॅन्सच्या चर्चेत फारसा येतच नाही आणि आतमध्ये मात्र रोज तोच विषय असतो, तो म्हणजे जुने प्लेयर बाहेर कसे काढायचे. सगळे विचारतात कोण येणार, कोण जाणार हे कुणी विचारत नाही. आणि खराब टीमचा खरा रोग तिथं असतो. थोडा हिशोब करू, कंटाळा करू नका. समजा क्लबने एक मिडफिल्डर ६ कोटी पाउंडांना ५ वर्षांच्या करारावर घेतला. हिशोबाच्या वहीत ते ६ कोटी एकदम खर्च पडत नाहीत, दर वर्षी १ कोटी २० लाख असे पडतात. दोन वर्षांनी तो प्लेयर फसला असं लक्षात आलं, तेव्हा वहीत त्याची किंमत अजून ३ कोटी ६० लाख शिल्लक आहे. बाजारात त्याला कोणी २ कोटीच्या वर द्यायला तयार नाही. विकला तर त्याच वर्षी १ कोटी ६० लाखांचा तोटा वहीत चढतो. शिवाय त्याचा पगार एवढा की घेणारा क्लब म्हणतो अर्धा पगार तुम्ही द्या. आणि प्लेयर म्हणतो मला इथं बरं चाललंय, करार संपेपर्यंत मी कुठं जात नाही, जे त्याच्या बाजूने अगदी रास्त आहे. असे पाच-सहा जण संघात असले की क्लबचे हात बांधले जातात. मग फॅन ओरडतात मालक पैसे सोडत नाही. कधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा पैसे सोडायला नियम आड येतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा नियम होता की तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त साडेदहा कोटी पाउंडांचा तोटा चालेल. २०२३-२४ च्या सीझनला एव्हर्टनचे आधी १० पॉइंट कापले, अपिलात ते ६ झाले, मग अजून २ गेले, आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. खालच्या टीमला ४ पॉइंट म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

ऍकॅडमीतून आलेल्या प्लेयरची वहीत किंमत शून्य असते, त्यामुळे तो विकला की सगळी रक्कम नफा दिसते. म्हणूनच कधीकधी क्लब आपलाच लाडका पोरगा विकतात आणि फॅन्सचं काळीज तुटतं. मलाही ते पटत नाही, पण वेडेपणा म्हणून ते होत नसतं, हे माहीत असलेलं बरं.

याचं उलटं टोक म्हणजे करार संपू देणं. लेस्टर २०१६ ला चॅम्पियन, २०२१ ला एफए कप जिंकले, आणि २०२३ ला रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या लीगमध्ये गेले. त्या उन्हाळ्यात तिलेमान्स अ‍ॅस्टन व्हिलाला आणि सोयुंजू अ‍ॅटलेटिकोला गेला, दोघंही फुकट. वर्ष-दोन वर्षं आधी ज्यांची भरपूर किंमत आली असती असे प्लेयर फुकट जाऊ देणं म्हणजे पुढच्या टीमचे पैसेच फुकट घालवणं. तुमच्या क्लबमध्ये कोणाचे करार पुढच्या १८ महिन्यांत संपतायत याची यादी एकदा बघा, ही माहिती सहज मिळते. त्या यादीत तुमचे तीन बेस्ट प्लेयर असतील आणि क्लब गप्प असेल तर काळजी करायला हरकत नाही.

साफसफाई म्हणजे काय ते आर्सेनलमध्ये बघायला मिळालं. कोच आर्टेटा डिसेंबर २०१९ ला आला. पहिल्या वर्षी टीम ८वी, एफए कप जिंकली पण लीगमध्ये ८वी. दुसऱ्या वर्षी पुन्हा ८वी. त्या दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये तर १४ मॅचमध्ये १४ पॉइंट, टीम १५व्या नंबरवर, सात लीग मॅच सलग जिंकलेली नाही. २६ डिसेंबर २०२० ला चेल्सीविरुद्ध २० वर्षांचा स्मिथ रो आणि १९-१९ वर्षांचे साका आणि मार्तिनेली सुरुवातीपासून खेळले, आर्सेनल ३-१ जिंकलं. सगळ्यांना तो दिवस आठवतो, आणि आठवावा असाच आहे. पण माझ्या मते खरं काम पुढच्या काही आठवड्यांत झालं, ज्याच्याकडे कुणाचं फार लक्ष नव्हतं. जानेवारीत ओझिल गेला, सोक्राटिस गेला, मग विंडो संपता संपता मुस्ताफी गेला, आणि बरेचसे करार क्लबने स्वतः मोडून, पदरचे पैसे सोडून. वर्षभराने औबामेयांग पण तसाच गेला, आधी कॅप्टनपद काढलं, मग बार्सेलोना. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं क्लब येडा झालाय, मोठे मोठे प्लेयर फुकट सोडतोय. पण त्यामुळे पगाराची जागा मोकळी झाली आणि २०२१ च्या उन्हाळ्यात सहा जण घेतले, ओडेगार्ड, बेन व्हाइट, रॅम्सडेल, तोमियासू, लोकोंगा, नुनो तावारेस, सगळे २३ किंवा त्याखालचे. आणि मग सीझन कसा सुरू झाला? ब्रेंटफोर्डकडून ०-२, चेल्सीकडून ०-२, मँचेस्टर सिटीकडून ०-५, टेबलमध्ये शेवटचा नंबर. त्या आठवड्यात आर्टेटाला काढा म्हणणारे किती होते! त्या सीझनला ते ५वे आले, ६९ पॉइंट, आणि पुढच्या सीझनला ८४ पॉइंटांसह दुसरे. सहाच्या सहा जण यशस्वी झाले नाहीत हेही बघा, तावारेस आणि लोकोंगा तिथं टिकले नाहीत. सहातले चार चालले तरी चांगली विंडो म्हणायची, शंभर टक्के कुणाचंच बरोबर येत नाही.

हेच लिव्हरपूलमध्ये. कोच क्लॉप ऑक्टोबर २०१५ ला आला, टीम त्या सीझनला ८वी. माने २०१६ ला आला, सलाह २०१७ ला, रॉबर्टसन रेलिगेट झालेल्या हल सिटीकडून २०१७ ला. गोल धबाधब होत होते पण मागे भगदाड होतं. ऑक्टोबर २०१७ ला वेम्बलीवर टॉटनहॅमने ४-१ ने हरवलं, त्या मॅचला लोव्हरेनला ३१व्या मिनिटालाच बाहेर काढावं लागलं. मग जानेवारी २०१८ ला एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या, कुटिन्यो सुमारे १४ कोटी पाउंडांना बार्सेलोनाला गेला आणि व्हान डाइक साडेसात कोटींना आला. त्या उन्हाळ्यात अ‍ॅलिसन आला. २०१७-१८ ला लीगमध्ये ३८ गोल खाल्ले होते, २०१८-१९ ला फक्त २२. टीमचा सगळ्यात कलाकार प्लेयर विकून सेंटर बॅक आणि गोलकीपर घेतले आणि टीम ९७ पॉइंटांवर गेली, पुढच्या वर्षी ९९ आणि चॅम्पियन. म्हणून फॅन जेव्हा म्हणतात की आधी एक स्टार फॉरवर्ड आणा, तेव्हा मला हे उदाहरण द्यावंसं वाटतं. हरणाऱ्या टीमने पैसे मागच्या फळीपासून सुरू करून पुढे असे खर्च करावेत असं माझं ठाम मत आहे. गोलकीपर, सेंटर बॅक, मग त्यांच्यासमोरचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, आणि त्यानंतर बाकी. कारण खराब टीममध्ये आणलेला महागडा स्ट्रायकर बॉलची वाट बघत उभा राहतो, आणि सहा महिन्यांनी त्यालाच शिव्या पडतात.

आता तुम्ही स्वतः मॅचमध्ये काय बघाल ते सांगतो, कारण टेबल सगळ्यात शेवटी बदलतं. पुढच्या मॅचला एक करून बघा. आपल्या टीमने बॉल गमावला की त्या क्षणी बॉलकडे बघू नका, मागे बघा. हरणाऱ्या टीममध्ये नव्वद टक्के वेळा एकच चित्र असतं. दोन्ही फुलबॅक (कडेचे डिफेंडर) वर गेलेले, दोघंही मिडफिल्डर बॉक्सच्या आसपास गोल करायच्या आशेने, आणि मागे दोन सेंटर बॅक एकटे, त्यांच्या आणि मिडफिल्डच्या मध्ये तीस-पस्तीस मीटरचं मोकळं मैदान. समोरच्याने एक पास त्या मोकळ्या जागेत टाकला की संपलं. सेंटर बॅकला पुढे यावं तर मागे बॉल जातो, मागे सरकावं तर समोरचा वळून थेट धावत येतो. मग गोल झाला की कॅमेरा सेंटर बॅकवर आणि शिव्या पण त्यालाच. खरं तर चूक पाच सेकंद आधी झालेली असते, वर कोण जाणार आणि मागे कोण थांबणार हे ठरलेलंच नसतं. ज्या टीमचा कोच कामाचा आहे तिथं सात-आठ आठवड्यांत यात फरक दिसतो, एक फुलबॅक वर गेला की दुसरा आत येऊन मिडफिल्डरच्या शेजारी थांबतो, बॉल गेला की जवळचे तिघं लगेच तुटून पडतात, बाकीचे आत गोळा होतात. मॅच तरी पण हरतील कदाचित, पण गोल वेगळ्या पद्धतीने खातील. महिन्यामागून महिने तोच गोल, तसाच खात असाल तर मग कोचवर प्रश्न विचारायचा, आणि तेव्हा तो रास्त आहे.

तसंच कॉर्नर आणि फ्री किक. रिबिल्डमध्ये सगळ्यात स्वस्तात सुधारणारी गोष्ट ही आहे, यासाठी नवे प्लेयर लागत नाहीत, एक चांगला सेट पीस कोच आणि आठवड्याला थोडा वेळ लागतो. आर्सेनलने २०२१ ला निकोलस जोव्हरला आणलं आणि काही वर्षांत त्यांचे कॉर्नर ही सगळ्यांची डोकेदुखी झाली. खालची टीम कॉर्नरवर सतत गोल खात असेल आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवलेला नसेल तर तो निव्वळ हलगर्जीपणा आहे.

आकड्यांत बघायचं तर एक्सजी बघा, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज. एका मॅचचा एक्सजी घेऊन वाद घालू नका, त्याला काही अर्थ नसतो, पण दहा-बारा मॅचचा मिळून बराच काही सांगतो. २०१४-१५ ला क्लॉपचा तेव्हाचा जर्मन क्लब, डॉर्टमुंड, अर्धा सीझन झाला तेव्हा १७व्या नंबरवर होता. सगळे म्हणाले संपला हा माणूस. पण लिव्हरपूलच्या डेटा टीमने त्या सीझनचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की टीम वाईट खेळत नव्हती, नशीब फार वाईट होतं. डॉर्टमुंड शेवटी ७वे आले आणि लिव्हरपूलने त्याच माणसाला नेलं. म्हणून तुमच्या १२ मॅचमधल्या ७ पराभवांत किती वेळा समोरच्याने खरंच जास्त संधी तयार केल्या ते बघा. पाच वेळा तरी आपण बरोबरीत किंवा पुढे असू तर कोचला हात लावू नका. सातही वेळा मार खाल्ला असेल तर गोष्ट वेगळी.

कोच बदलला की टीम लगेच उसळी मारते हे तर सगळ्यांनी बघितलंय. त्यातला बराच भाग असा असतो की कोचला काढतात तेच मुळी सगळ्यात वाईट महिन्यानंतर, मग पुढचा महिना त्याहून बरा जाणारच. जर्मनीतल्या लेव्हरकुझेनने ऑक्टोबर २०२२ ला कोच म्हणून झाबी अलोन्सोला आणलं तेव्हा ८ मॅचमध्ये ५ पॉइंट होते, १७वा नंबर. पहिल्या मॅचला शाल्केविरुद्ध ४-०. वा! आणि पुढच्याच लीग मॅचला फ्रँकफर्टकडून १-५. त्या दोन मॅचवरून कोणी काय सांगणार? पण स्पोर्टिंग डायरेक्टर सिमॉन रोल्फेस आधीपासून होते, विर्ट्झसारखा पोरगा संघात होता, त्या सीझनला ६वे आले. २०२३ च्या उन्हाळ्यात दियाबीला अ‍ॅस्टन व्हिलाला विकून ग्रानिट झाका, होफमन, बोनिफास आले, ग्रिमाल्डो तर बेनफिकाकडून फुकट. २०२३-२४ ला ३४ पैकी २८ जिंकल्या, ६ बरोबरीत, एकही हरले नाहीत, ९० पॉइंट, चॅम्पियन. यात झाका ३० वर्षांचा होता आणि होफमन पण त्याच वयाचा. रिबिल्ड म्हणजे सगळी विशीतली पोरं, हा जो समज झालाय तो मला अजिबात पटत नाही. पोरांच्या मधे दोन-तीन जाणती माणसं लागतात, जी ०-१ ने मागे असताना बॉल पायात ठेवून टीमला शांत करतात. सुंदरलँडने अनेक वर्षं तरुण प्लेयर्सवर टीम बांधली, २०२५ ला प्ले-ऑफ फायनलमध्ये शेफील्ड युनायटेडला २-१ हरवून प्रीमियर लीगमध्ये परत आले, आणि आल्या आल्या कोणाला घेतलं? त्याच झाकाला, आणि त्यालाच कॅप्टन केलं.

यावरून तिसऱ्या गटाकडे येतो, सीझन सोडून द्या म्हणणाऱ्यांकडे. अमेरिकन खेळांत शेवटच्या टीमला ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळतो, तिथं हरण्याची थोडीफार भरपाई होते. इथं तसं काही नाही. इथं एकेक नंबर खाली गेलं की बक्षिसाचे पैसे कमी, आणि रेलिगेशन झालं तर चांगले प्लेयर पळतात आणि महागडे करार तेवढे गळ्यात राहतात. शाल्केचं २०२०-२१ बघा, आधीच्या सीझनपासून धरून सलग ३० लीग मॅच विजय नाही, एका सीझनमध्ये पाच कोच, शेवटी १६ पॉइंट आणि रेलिगेशन. हॅम्बुर्ग २०१८ ला पहिल्यांदा खाली गेलं, वाटलं होतं वर्षभरात परत येतील, २०२५ उजाडलं. लीड्सला तर १६ वर्षं लागली. खुद्द सुंदरलँड २०१७ ला खाली गेलं आणि पुढच्याच वर्षी अजून एक पायरी खाली. सोडून दिलेला सीझन कुठं नेतो याचा भरवसा नाही. आणि पोरांचं म्हणाल तर हरणाऱ्या, घाबरलेल्या टीममध्ये एकदम पाच पोरं टाकली तर त्यातली तीन करपतात. साका-स्मिथ रो चालले कारण त्यांच्या बाजूला झाका आणि लाकाझेत होते. एकावेळी दोन पोरं, ठरलेल्या जागी, सलग सहा-सात मॅच, एवढं केलं तरी पुष्कळ.

किती वेळ लागतो याचं मोजमाप मी वर्षांत करत नाही, विंडोत करतो. पहिली विंडो घाण काढण्यात जाते. दुसरी-तिसरीत कणा उभा राहतो. चौथ्या विंडोनंतरही टेबलमध्ये काहीच हललं नसेल तर योजनाच चुकलीय असं धरा. आणि यात दर वर्षी सुधारणा सरळ रेषेत होईल असंही नाही, आर्सेनलने २०२०-२१ ला ३९ गोल खाल्ले आणि त्याच्या पुढच्या, चांगल्या सीझनला ४८.

आता तुमच्या टीमचं. दोन वर्षांत तीन कोच आणि १२ मॅच झालेल्या, तर माझं मत असं की आत्ता कोचला काढू नये, एकच अपवाद, ड्रेसिंग रूमने त्याचं ऐकणं सोडलं असेल तर. ते बाहेरून असं ओळखता येतं की ७० मिनिटांनंतर ०-२ मागे असताना टीम परत धावत येते का चालत येते ते बघा. चालत येत असतील तर तो कोच वाचत नाही, उगाच ताणू नये. धावत येत असतील तर जानेवारीपर्यंत थांबा आणि विंडोत क्लब काय करतो ते बघा. दोन जुने, मोठ्या पगाराचे प्लेयर तोटा सोसून का होईना बाहेर गेले आणि एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर किंवा सेंटर बॅक आला, जरी नाव कधी ऐकलेलं नसलं तरी, तर काम सुरू झालंय असं समजा आणि त्या प्लेयरला निदान दहा मॅच द्या. कोणीच गेलं नाही आणि ३१ वर्षांचा नावाजलेला स्ट्रायकर साडेतीन वर्षांच्या करारावर आला, तर सगळ्या गटांनी मिळून कोचऐवजी एकच प्रश्न क्लबला विचारा, हा प्लेयर कुणाच्या यादीत होता?